दोन मुलं, दोन शाळा: पुण्याहून आइंडहोव्हनला जाताना मांडलेला फीचा हिशेब

घर पुण्यातलं, बाणेरचं. वडील ३९ वर्षांचे, हिंजवडीत एम्बेडेड सॉफ्टवेअरच्या कामात. आई ३६ वर्षांची, एका बँकेच्या बॅक-ऑफिसमध्ये. मुलगी साडेदहा वर्षांची, नुकतीच सीबीएसईची पाचवी झालेली. मुलगा सहा वर्षांचा, सीनियर केजी संपवलेला. २०२५ च्या मार्चमध्ये वडिलांना नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनजवळच्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं. सुट्टीभत्ता धरून वर्षाला ७५,००० युरो. हे घर प्रातिनिधिक आहे. असं नेमकं एकच घर बोट दाखवून सांगता येणार नाही, पण नियम आणि सरकारी आकडे खरे आहेत, २०२५ चे.

आइंडहोव्हन हे फिलिप्सचं गाव. १८९१ मध्ये कंपनी तिथेच सुरू झाली. आज चिप बनवण्याची यंत्रं तयार करणारी एएसएमएल शेजारच्या फेल्डहोव्हनला आहे आणि तिच्या आजूबाजूला पुरवठादार कंपन्यांचं जाळं आहे. त्यामुळे पुणे-बंगळुरूकडचे इंजिनिअर तिकडे जातात, पोरंबाळं घेऊन जातात, आणि शाळेचा प्रश्न पहिल्या आठवड्यातच दारात उभा राहतो.

ऑफर आली त्या दिवशी नातेवाइकांनी युरोला शंभराने गुणलं. पंचाहत्तर लाख! मग शाळेच्या फीला कोण विचारतो, असा एकंदर सूर. पुण्यात दोघांच्या मिळून फी, बस, अबॅकस आणि गणवेश धरून वर्षाला साधारण सव्वातीन लाख जात होते. तिकडची आंतरराष्ट्रीय शाळा आठ लाखांची म्हणे. असू दे की, पगार पंचाहत्तर आहे. हा हिशेब चहाबरोबर ठीक आहे. खर्चही युरोतच होणार आहे, हे त्यात कुणी धरत नाही.

युरोतला हिशेब असा निघाला. परदेशातून भरती झालेल्या कर्मचाऱ्याला अटी पूर्ण झाल्या तर ३० टक्के सवलत मिळते, म्हणजे पगाराचा तेवढा भाग करमुक्त राहतो. मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि २०२४ पासून पुढे सुरुवात केलेल्यांसाठी २०२७ पासून प्रमाण २७ टक्क्यांवर येणार. ही सवलत धरून आणि पेन्शनची कपात वजा करून दरमहा हातात साधारण ४,६०० युरो. त्यातून घरभाडं १,८००. आई-वडिलांचा आरोग्य विमा ३२०, अठरा वर्षांखालच्या मुलांना हप्ता नाही. वीज, गॅस, पाणी, इंटरनेट मिळून २५०. किराणा ७५०. प्रवास, फोन आणि किरकोळ २००. बाणेरच्या फ्लॅटचं भाडं येऊनही कर्जाच्या हप्त्याला वरून घालावे लागणारे ४५०. बेरीज ३,७७०. उरले ८३०. वर्षाचे दहा हजारांना चाळीस कमी.

सुट्टीभत्ता मे महिन्यात येतो, पण तो मी शिल्लकीत धरत नाही. तो भारताच्या तिकिटांत जातो. आणि तिकिटांचा संबंध शाळेशी आहे. नेदरलँड्समध्ये वयाची पाच वर्षं पूर्ण झाल्यावर पुढच्या महिन्यापासून शाळा सक्तीची होते, आणि चालू शाळेत सुट्टी घेऊन गावी जाता येत नाही. घेतलीच तर हजेरी पाहणारा अधिकारी दंडाची कारवाई करू शकतो. धार्मिक सणाला एक दिवस मिळतो, दोन दिवस आधी शाळेला कळवून. म्हणजे लक्ष्मीपूजनाला मूल घरी राहू शकेल, पण २७ ऑगस्ट २०२५ च्या गणपतीसाठी आठवडाभर पुण्याला येणं विसरायचं, कारण आइंडहोव्हन ज्यात येतं त्या दक्षिण विभागाच्या शाळा त्याआधी नऊच दिवस उघडलेल्या. उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांतच यायचं, आणि त्या आठवड्यांत सगळेच येतात, तेव्हा विमान कंपन्याही संधी साधतात. चार तिकिटांना ३,६०० युरो धरले तर सुट्टीभत्ता हातात पडून तसाच निघून जातो. आतापर्यंत मी पाहिलेल्या शालेय खर्चाच्या याद्यांमध्ये ही ओळ कुणीच लिहिलेली नसते.

एक रक्कम मात्र घरात येते. तिथे राहून काम करणाऱ्यांना मुलांसाठी किंडरबाइस्लाख नावाचा सरकारी भत्ता तिमाहीला मिळतो. सहा ते अकरा वयाच्या मुलासाठी सुमारे ३४० युरो. दोघांचे वर्षाला २,७०० च्या वर. तेव्हा शाळेसाठी वापरता येईल अशी एकूण रक्कम साडेबारा हजारांच्या आसपास. याच्या आत जे बसेल तेच खरं.

फुकट शाळा आणि तिचा खर्च

तिथली गल्लीतली शाळा खरोखर मोफत आहे. फी नाही, पुस्तकांचे पैसे नाहीत. आजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर काळजीत होत्या, कारण घराजवळच्या शाळेच्या नावापुढे 'कॅथलिक' लिहिलेलं. आइंडहोव्हन ज्यात येतं त्या ब्राबांत प्रांतात हे सर्रास दिसतं. १९१७ च्या घटनादुरुस्तीपासून धर्माधिष्ठित शाळांनाही सरकारी शाळांइतकंच अनुदान मिळतं, आणि त्यातल्या बऱ्याच शाळांत कॅथलिकपणा पाटीपुरता आणि नाताळच्या कार्यक्रमापुरता उरला आहे. आजींना हे पटलं असं नाही, पण विषय मागे पडला.

पालकांकडून वर्षाला एक ऐच्छिक वर्गणी मागतात, सहल, नाताळ, खेळदिवस यासाठी. शाळेप्रमाणे दहा-वीस युरोंपासून शंभराच्या पुढेपर्यंत. २०२१ च्या ऑगस्टपासून कायदा असा आहे की ती न भरलेल्या मुलाला कुठल्याही उपक्रमातून वगळता येत नाही. या घराने भरली. सगळे भरतात म्हणून भरली, आणि तेवढ्यासाठी नियमावर बोट ठेवणं मलाही शोभत नाही वाटत.

मोठा खर्च वेळापत्रकात आहे. शाळा साडेआठला भरते, दोन ते तीनच्या दरम्यान सुटते, आणि बऱ्याच शाळांत बुधवारी दुपारीच घरी. आपल्याकडे पाळणाघर, शाळेची बस, खालच्या मजल्यावरच्या काकू, नाहीतर सासूबाई असतात. तिथे बीएसओ असतं, म्हणजे शाळा सुटल्यावर मुलं सांभाळणारं केंद्र. त्याचे पैसे तासावर लागतात, आणि मूल चारला घरी नेलं तरी सहापर्यंतचा संपूर्ण तुकडा आकारला जातो. सरकार त्याचा काही भाग परत देतं, पण त्याला तीन अटी आहेत. आई आणि वडील दोघंही काम करत असले पाहिजेत. परतावा ठरावीक ताशी दरापर्यंतच मिळतो, २०२५ मध्ये बीएसओसाठी ९.५२ युरो, त्यावरचा प्रत्येक सेंट पालकांचा. आणि उत्पन्न वाढेल तसा सरकारी वाटा घटतो. यात एक गोष्ट या घराच्या फायद्याची आहे. उत्पन्न मोजताना ३० टक्के सवलतीनंतरचा आकडा धरला जातो.

त्यातून आईपुढे कोंडी उभी राहिली. नोकरी नाही म्हणून परतावा नाही, परतावा नाही म्हणून बीएसओ परवडत नाही, बीएसओ नाही म्हणून मुलाखतीला 'पूर्णवेळ उपलब्ध' म्हणता येत नाही. शिवाय बीएसओला प्रतीक्षायादी. पुण्यात अकरा वर्षं नोकरी केलेल्या बाईचा पगार थांबणं हा शाळेचाच खर्च आहे, आणि तो 'मोफत' या शब्दाखाली झाकला जातो. तिचा पगार पुण्यात महिना ७०,००० होता. वर्षाचे आठ लाख चाळीस हजार. म्हणजे आंतरराष्ट्रीय शाळेतल्या एका मुलाच्या फीपेक्षा जास्त.

मुलगा: सहा वर्षं

इथे फार विचार करावा लागला नाही. डच प्राथमिक शाळेत आठ ग्रुप असतात, आणि वाचन-लेखन खऱ्या अर्थाने ग्रुप ३ मध्ये, सहाव्या वर्षी सुरू होतं. तो नेमका त्याच दारातून आत जातो आहे. वर्गातली बाकीची मुलंही तेव्हाच अक्षरं शिकताहेत. भाषा येत नाही हे खरं, पण त्याला डच शिकायला आठवी-दहावीची घाई नाही. गल्लीतली शाळा, भाषेचा जादा तास, आणि मैदान. फी शून्य.

वर लागलं ते दप्तरापेक्षा सायकल आणि पाण्यावर. जुनी सायकल घेतली. पोहण्याचे वर्ग मात्र स्वतःच्या पैशाने, आणि पहिला डिप्लोमा हाती येईपर्यंत काही शे युरो लागतात. कालव्यांच्या देशात हे टाळू नये.

मुलगी: साडेदहा वर्षं

खरं प्रकरण हिचं आहे.

वयाप्रमाणे ती ग्रुप ७ मध्ये जाते. पण डच न येणाऱ्या या वयाच्या मुलाला बहुतेक ठिकाणी आधी साधारण वर्षभर नव्याने आलेल्यांच्या भाषावर्गात बसवतात. आणि ग्रुप ८ च्या मध्यावर तिथली शाळा मुलाला पुढच्या वाटेची शिफारस देते. तीन वाटा: चार वर्षांची व्हीएमबीओ, पाच वर्षांची हावो, सहा वर्षांची व्हीडब्ल्यूओ. शेवटची विद्यापीठाकडे जाते, पहिली व्यावसायिक शिक्षणाकडे. तात्पुरती शिफारस जानेवारीत, चाचणी फेब्रुवारीच्या सुमारास, अंतिम शिफारस मार्चमध्ये. ऑगस्ट २०२५ मध्ये पोचलेल्या मुलीची शिफारस जानेवारी २०२७ मध्ये. म्हणजे नव्या भाषेत जेमतेम सतरा महिने, त्यातले बारा भाषावर्गात.

चार वर्षांपेक्षा कमी काळ तिथे असलेल्या आणि भाषा पुरेशी न येणाऱ्या मुलांना त्या चाचणीतून सूट देता येते. ही सोय दयाळू आहे, पण दुधारी आहे. चाचणीत गणितात चमकून शिफारस वर नेण्याची संधीच मग राहत नाही, सगळा भार शिक्षकाच्या अंदाजावर. नंतर खालच्या वाटेवरून वर चढता येतं, चढतातही मुलं, पण त्यात वर्षं जातात. पाचवीत गणितात ९५ आणणाऱ्या मुलीला भाषेमुळे व्हीएमबीओ सांगितलं गेलं तर पुण्यातल्या घरात काय होईल ते वेगळं सांगायला नको.

म्हणून आंतरराष्ट्रीय शाळा. इथे एक फरक बऱ्याच जणांना ऑफर स्वीकारून झाल्यावर कळतो. खासगी आंतरराष्ट्रीय शाळा वर्षाला १५,००० ते २५,००० युरो आणि वर. पण सरकारी अनुदान असलेल्या डच आंतरराष्ट्रीय शाळाही आहेत, ५,००० ते १०,००० च्या पट्ट्यात. त्यांत प्रवेशासाठी अट असते: मूल परदेशी नागरिक, आणि पालकाची नेमणूक ठरावीक मुदतीची. ते सिद्ध करायला कंपनीचं पत्र लागतं. या घराने हिशेबासाठी ८,००० धरले.

साडेबारा हजारांतून एका मुलाचे आठ हजार जातात. साडेचार उरतात. दोन्ही मुलं तिथे घातली तर सोळा हजार, आणि खड्डा साडेतीन हजारांचा. वडिलांचं म्हणणं सुरुवातीला असं होतं की दोघांना एकाच शाळेत घालू, भावंडांत भेदभाव नको. भावना समजते. पण सहा वर्षांच्या मुलाला इंग्रजी शाळेच्या कुंपणात ठेवून गल्लीतल्या मुलांपासून तोडण्यासाठी वर्षाला आठ लाख रुपये मोजणं हे समानतेच्या नावाखाली दोघांचं नुकसान आहे. आईने हे वडिलांआधी ओळखलं. 'त्याला खाली खेळायला कुणी बोलावणार नाही रे,' एवढंच ती म्हणाली आणि मुलाचा प्रश्न तिथे मिटला.

कंपनीकडे काय मागायचं

ऑफर लेटरवर सही होण्याआधीचे दहा-बारा दिवस हा या प्रकरणातला सगळ्यात महागडा काळ. वडिलांनी आधी मूळ पगार वाढवून मागितला, जसा आपण सगळे मागतो. एचआरने नम्रपणे नाही म्हटलं. मग त्यांनी मागणी बदलली.

३० टक्के सवलतीव्यतिरिक्त, आंतरराष्ट्रीय शाळेची फी कंपनी कर्मचाऱ्याला करमुक्त परत देऊ शकते, असा डच करनियम आहे. शाळेचा अभ्यासक्रम परदेशी धर्तीचा असावा आणि ती मुख्यतः अशाच स्थलांतरित कुटुंबांसाठी असावी. कंपनीला आठ हजारांचे आठ हजारच पडतात. तेच पगारवाढ म्हणून मिळवायचे तर, सवलत बाजूला ठेवून २०२५ च्या ३७.४८ टक्के कराच्या टप्प्यातही करपूर्व पगार सुमारे १२,८०० ने वाढायला हवा. दोन्ही बाजूंना परवडणारी मागणी हीच. एकदा देऊन मोकळं व्हायचा ५,००० चा स्थलांतर बोनस त्यांनी सोडला आणि बदल्यात मुलीची फी दोन वर्षं कंपनी भरेल असं लेखी घेतलं. सामान पाठवण्याचे पैसे त्यामुळे खिशातून गेले, म्हणून सोफा आणि फ्रिज बाणेरलाच भाडेकरूंना राहिले.

सवलतीचा अर्ज नोकरी सुरू झाल्यापासून चार महिन्यांच्या आत गेला तर ती पहिल्या दिवसापासून लागू होते. हे काम एचआरचं असलं तरी तारीख आपण पाहायची.

पुण्यातली कागदपत्रंही याच काळात. दोन्ही जन्मदाखले राज्याचं साक्षांकन करून परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टील केले, म्हणजे परदेशात मान्य होणारा शिक्का घेतला. महापालिकेचा दाखला मराठी-इंग्रजी असल्याने भाषांतराचा खर्च वाचला. तिकडच्या नगरपालिकेत नोंद होऊन बीएसएन, म्हणजे तिथला वैयक्तिक ओळख क्रमांक, मिळाला की शाळेची नोंदणी सरळ होते. शाळा सोडल्याचे दाखले आणि मुलीची तिसरी ते पाचवीची प्रगतिपुस्तकं मूळ प्रतीत बरोबर घेतली. प्राप्तिकरात कलम ८०सी खाली मुलांच्या ट्यूशन फीची वजावट मिळत होती, ती भारताबाहेरच्या शाळेला मिळत नाही. या घराचा भारतातला करच आता नगण्य, तेव्हा त्याचं दुःख नाही.

परतीचं घड्याळ

वडील 'पाच वर्षं' म्हणत होते, कारण सवलत पाच वर्षं. करसवलतीच्या मुदतीवर मुक्काम ठरवणं मला पटत नाही. मुदत मुलीच्या इयत्तेने ठरते.

ती पुण्यात असती तर २०२५-२६ मध्ये सहावीत, २०२८-२९ मध्ये नववीत. सीबीएसईमध्ये नववीत बोर्डाकडे नोंदणी होते आणि थेट दहावीत प्रवेश मिळणं अवघड. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून एमबीबीएसला जायचं तर अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातल्या शाळेतून झालेली लागते, काही ठरावीक अपवाद सोडून. मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणते. साडेदहाव्या वर्षी काय म्हणते याला किती किंमत द्यायची हा वेगळा मुद्दा, पण दार उघडं ठेवायचं असेल तर २०२८ च्या उन्हाळ्यात परत यायला हवं. म्हणजे तीन वर्षं. पाच नाही.

तीन वर्षं धरली की आंतरराष्ट्रीय शाळेचा निर्णय पक्का होतो, कारण परत येताना इंग्रजी माध्यम तुटलेलं नसतं. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा, मराठी घरात, डच मैदानात, इंग्रजी टीव्हीवर. तो पुण्यातल्या चौथीत पहिले सहा महिने चाचपडेल. ते मी किरकोळ धरतो. आणि २०२८ मध्ये त्यांनी 'इथेच राहू' असं ठरवलं तर? मग चित्र उलटतं. मुलगा घट्ट रुजलेला, आणि तेरा-चौदा वर्षांची मुलगी तीन वर्षं त्या देशात राहून डच न येणारी, दरवर्षी आठ हजारांच्या शाळेला बांधलेली. या शक्यतेसाठी मी एकच आग्रह धरला: मुलीला आठवड्यातून दोनदा डचची शिकवणी, पहिल्या महिन्यापासून. महिना १२० युरो. हा खर्च वडिलांना उधळपट्टी वाटला होता.

शेवटी काय ठरलं

मुलगा गल्लीतल्या शाळेत, मुलगी अनुदानित आंतरराष्ट्रीय शाळेत. आईने पहिले सहा महिने नोकरी न धरता भाषा आणि घर लावून घेतलं, मग आठवड्याला २४ तासांचं काम, तीन दिवस. उच्च-कुशल कर्मचाऱ्याच्या जोडीदाराला वेगळा परवाना न घेता काम करता येतं, आणि अर्धवेळ नोकरीला त्या देशात कुणी नाक मुरडत नाही, जवळजवळ निम्मे नोकरदार तसंच काम करतात. हातात १,६०० च्या आसपास. मुलाच्या बीएसओला महिना ४८०, त्यातला निम्माच परतावा मिळेल असं सावधपणे धरून २४० वजा. त्या तीन दिवशी वडील सकाळी साडेसातला कामावर जातात आणि चारला घरी येतात, त्यामुळे मुलीसाठी वेगळी सोय लागली नाही.

माझं मत त्यांच्याशी एकाच ठिकाणी जुळलं नाही. कंपनीकडून दोन वर्षांची फी घेतली, मुक्काम तीन वर्षांचा. तिसऱ्या वर्षाचे आठ हजार आईच्या पगारातून जातील आणि हिशेबात ते बसतातही, पण सही होण्याआधी 'दोन'चं 'तीन' करून घेणं सोपं होतं. आता वडिलांनी दुसऱ्या वर्षाच्या मूल्यमापनात हा विषय काढायचं ठरवलंय. शाळेची पुढच्या वर्षाची खात्री त्याआधी द्यावी लागते, म्हणून तारखा दोन्हीकडून तपासून ठेवल्या आहेत. करारात कंपनी 'शिक्षण शुल्क' भरेल असं लिहिलं आहे. शाळेचं परत न मिळणारं नोंदणी शुल्क त्यात येत नाही असं एचआरने कळवलं, तेव्हा ते घरातूनच भरलं.